घरी भेटीला गेलो की गल्ली विचारते "तुम्ही कोण?" आणि पोरगा विचारतो "ही गोळी कशाची?" दोघांना काय सांगू?

नवा_फील्डवर

नमस्कार मंडळी. एमएसडब्ल्यू करून चार महिने झालेत एका संस्थेत लागून, काम म्हणजे एचआयव्ही असलेल्या पोरांच्या घरी जायचं, औषध वेळेवर घेतंय का, खाणंपिणं, शाळा, घरचं वातावरण सगळं बघायचं. राधानगरी आणि कागलकडची गावं माझ्याकडं आहेत. ओळख पटू नये म्हणून इथं थोडं बदलून लिहितोय.

एक पोरगा आहे ११ वर्षांचा. आईवडील दोघंही नाहीत, आजी सांभाळते, शेजारीच चुलत्याचं घर. पोरगा हुशार, बोलका, कबड्डीत एक नंबर. औषध लहानपणापासून सुरू आहे आणि आजवर सगळं नीट होतं पण या वेळच्या तपासणीत व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, एकदम हजारांत गेला. मी जाऊन गोळ्या मोजल्या तर बरोब्बर, जेवढ्या उरायला पाहिजेत तेवढ्याच, एकही कमी जास्त नाही. मग लोड वाढला कसा हेच कळंना.

दुसरं म्हणजे आजीनं त्याला सांगून ठेवलंय की ही ताकदीची गोळी. परवा त्यानं मलाच विचारलं, "दादा ताकदीची आहे तर मग तुम्ही का घेत नाही? आणि आमच्या वर्गातला कोणच का घेत नाही?" मी काहीतरी हसण्यावारी नेलं आणि मग घरी येईपर्यंत गाडीवर तेच डोक्यात.

तिसरं, माझ्या बॅगेवर संस्थेचं नाव आहे. समोरच्या घरातल्या मावशी दर वेळी दारात येऊन उभ्या, "कुठनं आलायसा, कशाला आलायसा, ह्यांच्याकडंच का येतायसा". गेल्या आठवड्यात आजी रडकुंडीला येऊन म्हणाली बाळा तू येऊ नगंस, तू आलास की माझ्या पोटात गोळा येतो. म्हणजे मी मदतीला जातोय आणि माझ्यामुळंच त्यांचं घर उघड्यावर पडतंय. चुलती तर त्याचं ताट वाटी वेगळं ठेवते, तो पण एक विषय आहेच.

ट्रेनिंगमध्ये हे सगळं होतं पण पीपीटीवर होतं. कुणी अनुभवी असेल तर सांगा.

---

झिजलं_पायताण

बाळा, आधी ती बॅग घरी ठेव. आजच.

मी १६ वर्षं हे काम करतोय, शिरोळ हातकणंगले पट्ट्यात जास्त. पहिल्या वर्षी मी पण असंच गळ्यात ओळखपत्र अडकवून ऐटीत फिरलो आणि एका घराचं गावात बोलणं झालं ते माझ्यामुळं, ते अजून जीवाला लागून आहे. तेव्हापासूनचे माझे नियम सांगतो. गाडी त्या घरासमोर लावायची नाही, तालमीजवळ नाहीतर देवळाजवळ लावायची आणि चालत जायचं. एकाच घरात जायचं नाही, वाटेत अजून दोन चार घरी टेकायचं, चहा घ्यायचा, ऊस कितीला गेला विचारायचं. ठरलेला वार नको, दर मंगळवारी आलास की लोक मंगळवारची वाट बघतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं, भेट घरीच झाली पाहिजे असं कुणी सांगितलं? घर म्हणजे पोरगा जिथं मोकळा असतो ती जागा. माझ्या एका आजीला मी चार वर्षं आठवडी बाजारात भेटतोय, ती कोथिंबीर विकते आणि मी अर्धा तास कोथिंबीर निवडत बसतो.

आता "कशाला आलायसा" ला उत्तर. पोरगा अनाथ आहे ना, मग बालसंगोपन योजनेचं प्रकरण केलंय का त्याचं? नसेल तर आधी ते कर. महिन्याला २२५० रुपये मिळतात, बालकल्याण समितीपुढं जावं लागतं, कागदं गोळा करताना जीव जातो पण होतं. त्यात अनाथ, एक पालक असलेली, बरीच पोरं बसतात, कोविडनंतर तर गावागावात ही योजना माहीत झाली. म्हणजे तू "बालसंगोपनाचा साहेब" म्हणून गेलास तर ते खोटं पण नाही आणि कुणाला वास पण येत नाही. अर्जात अनाथ हे कारण पुरतं, आजाराचं नाव घालायची गरजच नाही. पुष्कळ नवीन पोरं सगळं लिहून टाकतात, मग ती फाईल दहा टेबलांवरनं फिरते.

ताटाचं म्हणशील तर भाषण देऊ नको. चुलतीकडं जेवायला बस, आणि त्या पोराच्याच ताटात भाकरी कुस्करून खा तिच्यादेखत. मी हेच करतो. जेवणातनं, भांड्यातनं, पाण्यातनं, डास चावून लागत नाही हे तिनं शंभरदा ऐकलेलं असतंय, पण कुणी खाताना बघितलेलं नसतंय.

गोळ्यांचं. मोजून काही कळत नाही बाबा. पोरगं ११ वर्षांचं आहे, खुळं नाही, हुशार आहे. हुशार आहे म्हणजे गोळ्या बरोब्बर उरणारच. घेताना बघितलंयस का कुणी? आजीला रात्रीचं दिसतं का? आजी गोळी हातात देते आणि चुलीकडं वळते, पुढं काय होतं ते बघ.

अजून एक, पावसाळ्याच्या आधी गोळ्या आणि हिरवं पुस्तक (दवाखान्यातलं, औषधाच्या नोंदीचं) दोन्ही प्लॅस्टिकच्या बरणीत भरून ठेवायला सांग आणि पुस्तकाच्या पानांचा फोटो आजीच्या नाहीतर तुझ्या फोनात कुलूप लावून ठेव. २०१९ च्या आणि २०२१ च्या पुरात आमच्याकडची घरं रातोरात सोडावी लागली. लोकांनी म्हशी काढल्या, टीव्ही काढला, गोळ्या फडताळात राहिल्या. छावणीत सगळ्यांसमोर "माझं औषध राहिलंय" कोण म्हणणार?

---

पुणेकर_सध्या_तरी

एक प्रामाणिक प्रश्न. आजी वयस्कर, चुलती असं वागते, शेजारी असे, मग या मुलाला एखाद्या चांगल्या संस्थेत ठेवणं जास्त योग्य नाही का? तिथे निदान औषध वेळेवर मिळेल आणि लपवाछपवी नसेल. आणि पायताण, तुम्ही दादा आहात की ताई? प्रोफाइलवर स्त्री लिहिलंय म्हणून विचारलं.

---

झिजलं_पायताण

बाईच आहे ओ. कोल्हापूरच्या बाया आम्ही आलो गेलो जेवलोच म्हणतो, तुम्ही पुण्याचं व्याकरण पुण्यात ठेवा 😄

संस्थेचं म्हणाल तर काही घरं खरंच अशी असतात की पोराला तिथनं काढावंच लागतं, मी स्वतः दोघांना काढलंय, मार होता, उपाशी ठेवत होते. पण बाल न्यायाचा २०१५ चा कायदापण हेच म्हणतोय की संस्था हा शेवटचा उपाय. ह्या पोराला आजी आहे, कबड्डी आहे, गाव आहे. संस्थेत औषध मिळंल, १८ व्या वर्षी बाहेर पडल्यावर जायचं कुठं? जमीन चुलत्याच्या नावावर झालेली असते तोवर. हे पण बघावं लागतं, नवा_फील्डवर, सातबारा बघून ये एकदा.

---

रात्री_नऊचा_गजर

मी सहसा लिहीत नाही इथं, वाचतो फक्त. पण ते "गोळ्या बरोब्बर" वाचलं आणि राहवलं नाही.

मी तो पोरगा आहे. म्हणजे तोच नाही, पण तोच. वय २४, शिरोलीला फौंड्रीत कामाला. जन्मापासून पॉझिटिव्ह. बाप २००३ ला गेला, पुढच्याच वर्षी सरकारनं औषध मोफत सुरू केलं, पोरांच्या मापाचं औषध २००६ च्या शेवटाला आलं, ह्या तारखा मला पाठ आहेत कारण मी लई वेळा हिशोब केलाय की एक वर्षानं काय झालं असतं. आई २००८ ला गेली. मला आजीनं वाढवलं.

आमच्यात पण ताकदीचीच गोळी होती. आणि मी पण लई वर्षं घेतली गुमान. मग १२ १३ चा असताना बंद केली. कारण विचाराल तर मोठं असं काही नाही, गोळी घेतली की मळमळायचं आणि नाही घेतली की काहीच व्हायचं नाही. पोराच्या डोक्यानं विचार करा, ज्यानं त्रास होतो ते औषध कसं? आजी हातावर ठेवायची, मी तोंडात टाकायचो, पाणी प्यायचो, मागच्या दारी जायचो आणि कौलाच्या फटीत सारायचो. महिन्याला मोजायला ताई यायच्या, बरोब्बर. पावसाळ्याच्या तोंडावर चुलत्यानं कौलं परतायला काढली आणि त्याच्या डोक्यावर पन्नास साठ गोळ्या पडल्या. मार खाल्ला. पण मारताना सुद्धा कुणी सांगितलं नाही की कशाची गोळी आहे, नुसतं "तुला मरायचंय काय" एवढंच.

१४ व्या वर्षी मला मीच कळालो. दवाखान्यात रांगेत उभा होतो, भिंतीवर पोस्टर, आणि माझ्या हातातल्या हिरव्या पुस्तकावर तीच अक्षरं. एवढंच. मग घरी आल्यावर एकेकाचा चेहरा बघत बसलो, आजीला माहीत, चुलत्याला माहीत, आत्याला माहीत, भावकीला माहीत, समोरच्या म्हातारीला माहीत. मला सोडून सगळ्यांना माहीत. मला आजाराचा राग कमी आला आणि ह्याचा जास्त. सहा महिने मी आजीशी नीट बोललो नाही आणि त्यातच ती गेली, ते आता कुठं फेडू.

मला बाहेर काढलं ते एका सोशल वर्करनं. ते घरात बोललेच नाहीत कधी, मला घेऊन शेतात जायचे. भांगलण सुरू होती. त्यांनी हरळी उपटायला लावली आणि विचारलं गेली का? म्हटलं वरची गेली, मूळ राहतंय. म्हणाले तुझ्या अंगात पण असं आहे, मूळ कायम राहणार, पण रोज भांगलत राहिलास तर वर काही येत नाही आणि ऊस जोरात येतो. आणि भांगलण सोडून दिलीस, मधेच केलीस, मधेच सोडलीस तर? म्हटलं हरळी ऊस खाते. बस. औषध मधेमधे सोडलं की विषाणू त्या औषधाला दाद द्यायचा थांबतो हे मला नंतर डॉक्टरनी सांगितलं, पण मला समजलेलं आधीच होतं.

आज माझा लोड सापडत नाही इतका खाली आहे. तेवढा खाली टिकवला तर जोडीदाराला लागण होत नाही, हे मला कुणी १६ व्या वर्षी सांगितलं असतं तर चार वर्षं पोरींकडं मान खाली घालून चाललो नसतो.

तर भावा, त्यानं तुला विचारलंय. आजीला नाही, तुला. तो दार उघडून उभा आहे. हसण्यावारी नेऊ नको परत.

---

देशी_उपाय

माझ्या माहितीत भुदरगडकडे एक वैद्य आहेत, त्यांच्या काढ्याने खूप जणांना गुण आलाय, रिपोर्ट निगेटिव्ह आलेत. इंग्रजी औषधं आयुष्यभर घेऊन लिव्हर खराब करण्यापेक्षा एकदा बघा. पत्ता मेसेज करतो.

---

सिस्टर_ऑन_ड्युटी

पत्ता कुणालाही मेसेज करू नका. काढ्यानं एचआयव्ही निगेटिव्ह होत नाही. आमच्याकडं येतात ना अशा काढ्याच्या केसेस, सहा महिने औषध सोडून, टीबी घेऊन, पोर खांद्यावर टाकून. चिडून लिहितेय, माफ करा, पण लहान पोराच्या धाग्यावर हे नको.

नवा_फील्डवर, मी एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीचं औषध देतात तिथं, समुपदेशक होते बरीच वर्षं (नावात सिस्टर आहे पण नर्स नाही, पोरं म्हणायची म्हणून). चार गोष्टी सुचतात, त्या क्रमानं घ्यायच्या असं नाही.

लोड वाढला की प्रत्येक वेळी पोरगं गोळी टाकतंय असंच नसतं. वजन बघितलं का? पोरांचा डोस वजनावर असतो, पोरगं झपाट्यानं वाढतं आणि कधी कधी दोन वेळा आजीच एकटी औषध न्यायला येते, पोराचं वजनच होत नाही, डोस जुनाच राहतो. त्याला घेऊनच पाठवा. दुसरं, आता बहुतेक पोरांना डोल्युटेग्रॅविर असलेलं औषध असतं. ते चांगलं आहे, दिवसातनं एकदा, अगदी बारक्यांसाठी पाण्यात विरघळणारी गोळी पण आली. आधीच्या कडू सिरपसाठी आम्ही पोरांच्या मागं गूळ घेऊन पळायचो. पण लोह आणि कॅल्शियमच्या गोळ्या उपाशीपोटी याच्यासोबत घेतल्या तर औषध अंगाला लागत नाही. शाळेत आठवड्याला लोहाची गोळी देतात, आजी घरी कॅल्शियम देत असेल, बघा काय काय चालू आहे. जेवणासोबत घेतलं तर एकत्र चालतं, नाहीतर एआरटीची गोळी दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. तिसरं, गोळी घेतल्यावर लगेच ओकतो का विचारा, आमचे डॉक्टर सांगायचे अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर परत द्या.

लोड वाढलाय म्हटल्यावर सेंटर काही महिने जास्तीचं समुपदेशन करून परत लोड काढतं, मगच औषध बदलायचं का ते ठरतं. तोवर घरच्यांना "औषध फेल गेलं" असं कुणी बोलू देऊ नका. पोर ऐकत असतं.

आणि सांगण्याबद्दल. डब्ल्यूएचओनं २०११ मध्येच म्हटलंय की शाळेत जाणाऱ्या वयाच्या मुलांना स्वतःचं कळलं पाहिजे. पण एका दिवसात बसवून नाही सांगायचं. पाच सहा वर्षांच्याला एवढंच, तुझ्या रक्तात एक जंतू आहे, गोळी त्याला झोपवते. १० ते १२ पर्यंत नाव. आजीच्या संमतीनं, आणि जमलं तर आजीच्या तोंडून. आजीला वाटतं सांगितलं की तो गावभर बोलेल. म्हणून आधी आजीचं समुपदेशन, मग पोराचं. माझा अनुभव, अशा घरात सगळ्यात घाबरलेली आजीच असते, तिनं मुलगा सून दोघांचं केलेलं असतं, हाच पोरगा उरलेला असतो.

---

खडू_फळा

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. शाळेबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. शाळेला सांगायची सक्ती नाही, कुणी मागितलं तरी नाही. २०१७ चा एचआयव्ही कायदा आहे, २०१८ च्या सप्टेंबरपासून लागू झाला, त्यात या कारणानं शाळेत प्रवेश नाकारता येत नाही, वेगळं बसवता येत नाही आणि संमतीशिवाय कुणाची माहिती फोडता येत नाही. मला माझ्या वर्गातल्या एका पोरीचं कळलं ते तिच्या काकानं दारू पिऊन सांगितलं म्हणून. मी त्यानंतर एकच केलं, वर्गात कुणालाही लागलं, रक्त आलं की हातमोजा घालूनच पुसायचं, सगळ्यांना तोच नियम. मला हेडमास्तर म्हणाले इतका कसला बाऊ करताय. म्हटलं स्वच्छता सप्ताह चाललाय.

त्याच कायद्यात एक कलम आहे ते फार कुणाला माहीत नसतं. आईवडील आजारानं गेलेत किंवा अंथरुणाला आहेत आणि घर मोठं भावंडच चालवतंय, तर १२ वर्षांवरचं समजदार भावंड १८ खालच्या धाकट्याचं पालक म्हणून चालतं, शाळेत नाव घालायला, बँकेत खातं काढायला, दवाखान्याच्या कामाला. १६ वर्षांच्या बहिणीला एका शाळेनं "मोठ्या माणसाला घेऊन ये" म्हणून तीनदा परत पाठवलं होतं. ती तर दोन वर्षं घरातलं मोठं माणूसच होती. कायद्याचा कागद दाखवल्यावर नाव घातलं.

---

रात्री_नऊचा_गजर

सर तुमच्यासारखा एक मास्तर मला पाहिजे होता.

आणि एक राहिलं, एसटीची सवलत. साध्या गाडीत आपल्याला मोफत आहे असं म्हणतात, मी आजपर्यंत एकदाही घेतली नाही. आमच्या मार्गाचे कंडक्टर सगळे ओळखीचे. कार्ड दाखवण्यापेक्षा तिकीट काढलेलं परवडतं. फुकट मिळतंय म्हणून घे म्हणून त्या आजीला जोर करू नका कुणी.

---

नवा_फील्डवर

तीन आठवड्यांनी लिहितोय, सॉरी. पेट्रोलचे पैसे दोन महिन्यांचे अडकलेत तो वेगळा धागा काढतो कधीतरी.

बॅग बदलली. गाडी आता दूध डेअरीजवळ लावतो. बालसंगोपनाची कागदं सुरू केली आणि कमाल म्हणजे समोरच्या मावशीनीच विचारलं आमच्या नातीचं पण बसतंय का त्यात, तिचा बाप गेलाय. बसतंय. आता त्यांच्याकडं पण चहा असतो माझा. चुलतीकडं जेवलो त्याच्या ताटात, ती बघत राहिली, काही बोलली नाही, ताट अजून वेगळंच आहे पण पाण्याचा तांब्या एक झालाय.

वजन केलं सेंटरला, डोस बरोबर होता. लोहाच्या गोळीचं पण काही नव्हतं. मग सुट्टीच्या दिवशी त्याला घेऊन ओढ्याकडं गेलो, आणि काही न विचारता आपल्या गजर भावाची कौलाची गोष्ट सांगितली, माझ्या मित्राची म्हणून. पोरगा हसला आधी. मग गप्प. मग म्हणाला, "मी गोठ्यातल्या दावणीखाली टाकतो." चार महिन्यांपासून. कबड्डीच्या एका मॅचला जाताना मळमळलं म्हणून पहिल्यांदा टाकली, आणि काहीच झालं नाही म्हणून मग टाकतच गेला.

आजीला तयार करायला दोन बैठका गेल्या, सिस्टर तुम्ही म्हणालात तसंच, सगळ्यात घाबरलेली तीच. शेवटी म्हणाली तू सांग, मी शेजारी बसते. नाव अजून सांगितलं नाही. हरळीचंच सांगितलं. त्यानं नीट ऐकलं, म्हणाला म्हणजे रोज भांगलायचं. आता वेळ रात्रीच्या जेवणानंतरची केली, सेंटरला विचारून, म्हणजे मॅचच्या आधी मळमळ नको. चुलत भाऊ आणि तो दोघं मिळून गजर लावतात, भावाला वाटतंय अभ्यासाचा. लोड परत काढायचाय अजून दोन महिन्यांनी.

पण काल निघताना त्यानं गाडीपाशी येऊन विचारलं, "माझी आई पण हीच गोळी घ्यायची का?" मी म्हटलं पुढच्या वेळी आजीला विचारून सांगतो. बरोबर केलं का? आजी सुनेचा विषय काढला की उठून जाते.

---

रात्री_नऊचा_गजर

बरोबर केलंस. पण पुढची वेळ लई लांबवू नको. आणि आईचा एखादा फोटो आहे का घरात बघ, भिंतीवर नसेल तर पेटीत असेल. आजीला तो काढायला सांग आधी.